‘असॅसिन्स’ थांबलं तेव्हा: मारेकऱ्यांच्या तोंडी गाणं देण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण न्यूयॉर्कचं आहे, सप्टेंबर २००१ ते जुलै २००४ या काळातलं. नाटकाचं आणि लेखकांचं नाव दिलं आहे, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. निर्माती संस्था, दिग्दर्शक आणि नट यांचा उल्लेख मात्र त्यांच्या कामावरूनच केला आहे. कोणत्या टप्प्यावर काय ठरलं आणि त्या निर्णयाने रंगमंचावर काय बदललं, एवढंच इथे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

‘असॅसिन्स’ हे स्टीफन सॉन्डहाइम (संगीत आणि गीतं) आणि जॉन वाइडमन (संहिता) यांचं म्युझिकल. मूळ कल्पना आणि शीर्षक चार्ल्स गिल्बर्ट यांच्या आधीच्या एका संहितेवरून घेतलेलं. अंक एकच, मध्यंतर नाही, लांबी साधारण पावणेदोन तास. पात्रं नऊ, आणि नऊही जण इतिहासातले: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना मारलेले किंवा मारायला निघालेले. चौघांना ते जमलं. बूथने लिंकन यांना (१८६५), गिटोने गारफिल्ड यांना (१८८१), चोलगोशने मॅकिन्ली यांना (१९०१) आणि ओस्वाल्डने केनेडी यांना (१९६३) मारलं. उरलेल्या पाच जणांचे प्रयत्न फसले: फोर्ड यांच्यावर चालून गेलेल्या फ्रॉम आणि मूर या दोन बायका, रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा हिंक्ली, बिक आणि झंगारा. त्यांतल्या झंगाराने १९३३ मध्ये मायामीत नियोजित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांपैकी एक शिकागोचे महापौर सरमॅक यांना लागली आणि त्यात ते गेले.

नाटकाला कथानक असं नाही. सुरुवात जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानात होते. दुकानदार एकेका दुःखी, चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देतो आणि राष्ट्राध्यक्षाला टिपून बक्षीस जिंकायला सांगतो. राष्ट्राध्यक्षांच्या आगमनाला वाजणारी सरकारी धून इथे जत्रेतल्या चक्रीच्या चालीवर, तीन मात्रांत वाजते. पुढे वेगवेगळ्या शतकांतले हे लोक एकमेकांशी बोलतात, भांडतात, एकत्र गातात. त्यांना सतत उत्तर देणारा एक ‘बॅलडीयर’ आहे, म्हणजे आपल्याकडच्या शाहिरासारखा: घडलेल्या गोष्टीचं गाणं करून सांगणारा, आणि या देशात सगळं शेवटी ठीक होतं यावर पक्का विश्वास असणारा.

पहिले प्रयोग डिसेंबर १९९० पासून न्यूयॉर्कच्या प्लेराइट्स होरायझन्समध्ये, १३९ खुर्च्यांच्या थिएटरात, तीन वादकांवर झाले. अधिकृत उद्घाटन २७ जानेवारी १९९१ ला झालं. त्याच्या दहा दिवस आधी आखाती युद्ध सुरू झालेलं होतं आणि शहरभर झेंडे लागले होते. एकूण ७३ प्रयोग करून १६ फेब्रुवारीला नाटक उतरलं आणि ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, गेलंच नाही. १९९२ मध्ये लंडनच्या प्रयोगात एक नवं गाणं आलं. राष्ट्राध्यक्ष गेल्याची बातमी ऐकणाऱ्या साध्या माणसांचं हे गाणं पुढे कळीचं ठरतं.

अडचण

न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या ना-नफा नाट्यसंस्थेने २००१ च्या शरद ऋतूसाठी या नाटकाचा ब्रॉडवेवरचा पहिला प्रयोग जाहीर केला. दिग्दर्शक ठरला होता आणि नोव्हेंबरमध्ये पडदा उघडणार होता. ११ सप्टेंबरला शहरातले दोन मनोरे पडले.

‘वातावरण बिघडलं म्हणून नाटक थांबलं’ एवढ्यावर हे सोडून देता येत नाही, कारण अडचण संहितेच्या आत होती, आणि ती अगदी बोट ठेवून दाखवता येते. नऊ पात्रांतला सॅम्युएल बिक हा टायरविक्रीत फसलेला, संसार मोडलेला माणूस. व्हाइट हाऊससमोर सांताक्लॉजचा वेश करून त्याने खरोखर निदर्शनं केली होती, आणि नामवंतांना ध्वनिफिती रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. २२ फेब्रुवारी १९७४ ला तो बाल्टिमोरच्या विमानतळावर पिस्तूल घेऊन विमानात घुसला. विमान व्हाइट हाऊसवर आदळायचं आणि निक्सन यांना मारायचं, असा त्याचा बेत होता. विमान जागचं हललंच नाही. पण एक पोलीस अधिकारी आणि सहवैमानिक मारले गेले.

नाटकात बिकची दोन लांबलचक स्वगतं आहेत. पहिल्यात तो संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासाठी टेप भरतो, दुसऱ्यात गाडी चालवत विमानतळाकडे जाताना निक्सन यांच्याशी बोलतो. विमान पळवून व्हाइट हाऊसवर आदळवण्याचा बेत तो दुसऱ्या स्वगतात मोठ्याने सांगतो. आणि ही स्वगतं विनोदी आहेत. लोक हसतात, नंतर हसणं घशात अडकतं, अशीच त्यांची रचना आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहात त्यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे हसू, फुटणंच अशक्य होतं. हसूच आलं नाही तर ते अडकायचं कुठे?

सहानुभूती तयार कुठे होते

पर्यायांकडे जाण्यापूर्वी हे नाटक काम कसं करतं ते बघावं लागेल. त्याशिवाय ‘थोडं गाळून केलं असतं तर’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

म्युझिकलमध्ये गाणं पात्राचं वकीलपत्र घेतं. गद्यात पात्र बोलतं तेव्हा प्रेक्षक त्याचं म्हणणं तपासत असतो. तेच पात्र गाऊ लागलं, चाल चांगली असली आणि सूर वर चढत गेला, की तपासणी मागे पडते. गाणं संपल्यावर टाळी येते, ती खरं तर चालीला आणि गळ्याला असते, पण जमा होते पात्राच्या खात्यावर. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या खलपात्राबद्दल आपल्याला कधी राग टिकवता आला आहे? मारेकऱ्याला गाणं देणाऱ्या लेखकाने सहानुभूती दिलेलीच असते, इच्छा असो वा नसो. त्याच्या हातात उरतं ते एकच: ती कुठे आणि कशी काढून घ्यायची. ‘असॅसिन्स’मध्ये प्रत्येक मारेकऱ्यासाठी ही जागा वेगळी आहे.

बूथचं उदाहरण सर्वांत शिकण्यासारखं. बॅलडीयर बँजोच्या अंगाच्या, खेळकर लोकगीताच्या चालीत त्याची टिंगल करतो: आवाज गेला होता, समीक्षा वाईट येत होत्या, म्हणून मारलं का रे? मग जळत्या गोठ्यात पाय मोडून पडलेला बूथ गाणं आपल्या हातात घेतो. लय संथ होते, चाल प्रार्थनेसारखी होते, आणि यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाचं दुःख तो इतक्या मनापासून गातो की काही ओळींपुरता प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकतो. नेमकं तिथे त्याच्या तोंडून कृष्णवर्णीयांबद्दलची एक हीन शिवी येते, त्याच सुंदर चालीत. झुकलेला प्रेक्षक सावरतो. हा शब्द झोंबतो म्हणून गाळावा किंवा सौम्य करावा असं अनेक होतकरू दिग्दर्शकांना वाटतं. तो गाळला की गाणं बूथचं स्मारक होऊन बसतं. अडचण शब्दाची नाही, त्याच्या आधीच्या सौंदर्याची आहे, आणि तो शब्द हा तिथला एकमेव उतारा आहे.

चोलगोशच्या बाबतीत काम उलट दिशेने होतं. तो नऊ जणांत सर्वांत सहानुभूती मिळवणारा. काचेच्या कारखान्यातल्या भट्टीपाशी हात भाजून घेणाऱ्या कामगाराचं त्याचं भाषण, अराजकवादी एमा गोल्डमन यांच्याशी त्याची हळवी भेट, आणि मग ‘गन साँग’मधला त्याचा भाग: एक पिस्तूल तयार व्हायला खाणीत, पोलादाच्या कारखान्यात किती माणसं खपतात आणि मरतात. हे गाणं चौघे मिळून, जुन्या पद्धतीच्या पुरुषी चौकडीच्या गोड सुरावटीत गातात आणि त्या गोडव्यामुळेच अंगावर काटा येतो. चोलगोशकडून सहानुभूती काढून घेतली जात नाही. ती तशीच ठेवून बॅलडीयर बफेलोच्या प्रदर्शनातली रांग आनंदाने गातो: मेहनत करा, रांगेत पुढे सरका, या देशात कोणीही पहिल्या नंबरावर पोचू शकतो. चोलगोश रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन खरंच पहिल्या नंबरावर पोचतो. इथे प्रेक्षकाला अपराधी वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे चालीचा उत्साह. वाद्यवृंद इथे जरासा जरी गंभीर झाला तरी प्रसंग मेलोड्रामा होतो.

झंगाराच्या गाण्यात विजेच्या खुर्चीत बसलेला, पोटदुखीने पिळवटलेला माणूस आहे, आणि त्याच्याभोवती ‘मीच रूझवेल्टना वाचवलं’ असं रेडिओवर सांगायला धडपडणारी गर्दी. गर्दी इतकी उथळ की सहानुभूती आपोआप खुर्चीकडे सरकते. माझ्या मते ही नाटकातली सर्वांत कमी हिशोबाची सहानुभूती आहे, कारण सरमॅक मेले ही गोष्ट त्या गडबडीत हरवून जाते.

गिटोबद्दल थोडक्यात: फाशीच्या दिवशी म्हटलेली त्याची स्वतःची कविता गाण्यात वापरली आहे, आणि प्रार्थना व नाच यांत आलटून पालटून तो पायऱ्या चढतो. हिंक्ली आणि फ्रॉम यांचं युगुलगीत ऐकायला सत्तरच्या दशकातलं साधं प्रेमगीत वाटतं, पण तो गातो एका अभिनेत्रीच्या छायाचित्राला आणि ती गाते चार्ल्स मॅन्सन या खुनी पंथाच्या म्होरक्यासाठी. या गाण्याला हमखास टाळी पडते. तिच्यानंतर लगेच हिंक्ली भिंतीवरच्या रेगन यांच्या प्रतिमेवर गोळ्या झाडू लागतो. टाळी आणि पहिली गोळी यांच्यातलं अंतर किती ठेवायचं हे संगीत संयोजकाने आणि रंगमंच व्यवस्थापकाने तालमीत घड्याळ लावून ठरवायचं काम आहे. टाळी पूर्ण विरू दिली तर दोन वेगळे प्रसंग होतात. टाळीवरच गोळी झाडली तर ती ऐकूच येत नाही. टाळी उतरू लागली की तिच्या शेपटीवर गोळी यायला हवी.

बिककडे मात्र असं एकट्याचं गाणं नाही. म्हणून त्याच्या बाबतीत चालीचा आधारही नाही आणि उताराही नाही. त्याचं सगळं काम प्रेक्षकाच्या हसण्यावर चालतं. २००१ मध्ये नाटक अडलं ते याच पात्रापाशी, हा योगायोग नव्हे.

समोर असलेले पर्याय

अशा वेळी निर्मात्यापुढे साधारण पाच वाटा असतात.

ठरल्याप्रमाणे करणे. बाजूने युक्तिवाद असा की या नाटकाचा विषयच हिंसेमागची माणसं आहे, मग याहून योग्य वेळ कोणती? युक्तिवाद कागदावर मजबूत आहे. पण नाटक प्रेक्षकांच्या प्रतिसादावर बांधलेलं असतं, आणि दोन महिन्यांपूर्वी नातेवाईक गमावलेला माणूस खुर्चीत असताना विनोदी स्वगताच्या जागी जी शांतता पडेल ती नटाला पेलणार नाही. शिवाय शेवटी सगळे मारेकरी रांगेत उभे राहून बंदुका प्रेक्षकांवर रोखतात.

बिकचे प्रसंग गाळून करणे. लेखक दोघेही तेव्हा हयात आणि निर्मितीत सहभागी होते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न इथे सुटला असता. इतर संस्थांना ही वाट बंदच आहे, कारण प्रयोगाचे हक्क देणाऱ्या कंपनीच्या करारात लेखी संमतीशिवाय ओळ, गाणं किंवा पात्र गाळता येत नाही. पण परवानगी असती तरी बिकला काढणं सोपं नाही. मारेकरी एकत्र येऊन आपापलं कारण ओरडून सांगतात आणि बॅलडीयरला हुसकावून लावतात, त्या सामूहिक गाण्यात बिकचा वाटा मोठा आहे. त्याला काढलं तर ते गाणं पुन्हा बसवावं लागतं, आणि शेजारच्या विनोदी प्रसंगांचा तोल जातो. उरलेल्या नाटकातही गाळलेल्या जागेकडेच सगळ्यांचं लक्ष जातं.

मैफलीसारखं वाचन करणे. वेशभूषा नाही, बंदुका नाहीत, समोर संहिता आणि नंतर चर्चा. खर्च कमी, आणि नाटक जिवंत राहतं. धोका असा की नेपथ्य आणि कृती काढली की फक्त गाणी उरतात, म्हणजे वकील राहतो आणि फिर्यादी जातो.

पुढे ढकलणे. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला हंगामातली ती जागा दुसऱ्या नाटकाने भरावी लागते, नटांच्या तारखा सुटतात, पुन्हा सगळं जुळेल याची खात्री नसते.

पाचवी वाट म्हणजे कायमचं रद्द करणे. ‘हे नाटक मुळातच चुकीचं होतं’ असाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला असता.

काय केलं

हल्ल्याच्या त्याच आठवड्यात नाटक पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. निवेदन दोन्ही लेखकांच्या नावाने होतं आणि त्यात संस्था व दिग्दर्शक यांचीही संमती नोंदवलेली होती. आशय असा: हे नाटक प्रेक्षकाला अमेरिकेच्या अनुभवाकडे चिकित्सक नजरेने बघायला सांगतं, आणि आत्ता अशी मागणी करण्याची ही वेळ नाही.

या निवेदनात तीन गोष्टी बरोबर होत्या. नाटकाबद्दल माफी मागितली नाही. दोष प्रेक्षकांच्या हळवेपणावर ढकलला नाही. आणि निर्णय लेखक, संस्था, दिग्दर्शक असा तिघांचा असल्याचं एकाच कागदावर आलं, त्यामुळे नंतर कोणी कोणाकडे बोट दाखवण्याचा प्रश्न उरला नाही. अशा प्रसंगी सर्वांत जास्त नुकसान करतं ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी दिलेलं स्पष्टीकरण.

२००४ मध्ये त्याच संस्थेने, त्याच दिग्दर्शकाबरोबर, एकेकाळी गाजलेल्या नाइटक्लबच्या जागेत झालेल्या थिएटरात नाटक उभं केलं. बिकची दोन्ही स्वगतं जागेवर राहिली. बदल झाले ते दुसरीकडे.

नेपथ्य जत्रेतल्या लाकडी रोलरकोस्टरच्या पोटाखालचं होतं. म्हणजे वर कुठेतरी लोक मजा करत आहेत आणि ही मंडळी खालच्या तुळयांच्या अंधारात. लंडनमध्ये आलेलं नवं गाणं ठेवलं गेलं. ते ओस्वाल्डच्या गोळीनंतर आणि शेवटच्या समूहगीताआधी येतं, आणि बातमी कानावर आली तेव्हा कोणी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं, कोणी बुटांना पॉलिश करून घेत होतं, अशी साधी माणसं त्यात गातात. पावणेदोन तासांत राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूचं दुःख झालेली माणसं पहिल्यांदाच इथे गायला लागतात.

तिसरा बदल सर्वांत धाडसी. बॅलडीयर आणि ओस्वाल्ड ही दोन्ही कामं एकाच नटाला दिली. सामूहिक गाण्यात मारेकरी बॅलडीयरला घेरतात आणि त्याचाच ओस्वाल्ड होतो. मग डॅलसच्या पुस्तकांच्या गोदामात, सहाव्या मजल्यावर, स्वतःला गोळी घालायला निघालेल्या त्या पोराला बूथ समजावतो की गोळी खिडकीबाहेर झाड, म्हणजे आम्हा सगळ्यांना अर्थ येईल. इतका वेळ आपल्या बाजूने बोलणारा, मारेकऱ्यांची टिंगल करणारा आवाजच खिडकीशी बंदूक घेऊन उभा राहतो.

यात धोका उघड आहे. प्रेक्षकाचा सर्वांत लाडका नट ओस्वाल्ड झाला की ओस्वाल्डला नको तेवढी माया मिळते, ‘बिचाऱ्याला फूस लावली’ असं वाटू लागतं. दिग्दर्शकाने त्यावर योजलेला उपाय दृश्यातला होता: गोळी झाडल्यावर केनेडींच्या हत्येची हौशी कॅमेऱ्याने टिपलेली खरी चित्रफीत त्याच नटाच्या पांढऱ्या शर्टावर, छातीवर दाखवली. माया आणि मृत्यू एकाच चौकोनात. ही युक्ती करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. शर्ट अगदी पांढरा असला तर बाकीच्या प्रकाशात चमकतो, म्हणून तो किंचित मळकट रंगाचा घ्यावा. आणि नटाने श्वाससुद्धा बेताने घ्यावा, कारण छाती हलली की चित्र लाटेसारखं हलतं आणि कोणीतरी हसतं.

परिणाम

२२ एप्रिल २००४ ला उद्घाटन, १८ जुलैला शेवटचा प्रयोग, अधिकृत प्रयोग १०१. टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, पाच: पुनरुज्जीवित म्युझिकल, दिग्दर्शन, प्रकाशयोजना, वाद्यवृंद-संयोजन आणि बूथची भूमिका करणारा नट. ब्रॉडवेवर पहिल्यांदाच आलेल्या नाटकाला ‘पुनरुज्जीवित’ गटात बक्षीस मिळालं, ही गंमत वेगळीच.

पुढे ढकलण्याचा निर्णय यामुळे बरोबर ठरला असं म्हणण्याचा मोह होतो. पण एक गोष्ट आड येते. १९९१ मध्ये नाटक उतरलं तेव्हा आखाती युद्ध चालू होतं, आणि २००४ मध्ये ते गाजलं तेव्हा इराकमध्ये युद्ध चालूच होतं. तेव्हा ‘वेळ वाईट’ एवढंच कारण पुरेसं नाही. माझ्या मते दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली, मध्ये आलेलं सामान्य माणसांचं गाणं. १९९१ च्या प्रयोगात मारेकऱ्यांना सगळं मिळालं होतं आणि शोक करणाऱ्यांना काहीच नाही. दुसरी, बॅलडीयरचं रूपांतर. त्यामुळे ‘ते’ आणि ‘आपण’ ही रेघच पुसली गेली आणि सहानुभूतीचा प्रश्न प्रेक्षकाच्या अंगावर आला. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नाटक पुन्हा झालं. त्याच वर्षी ६ जानेवारीला जमावाने कॅपिटॉलवर हल्ला केलेला होता. तरी या वेळी ते त्या कारणाने थांबलं नाही. त्याआधीचा उशीर कोविडचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

२००१ च्या निर्णयाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. मधल्या काळात तालमीच्या खोलीत, बाहेरच्या कोणालाही न बोलावता, बिकची दोन स्वगतं लहानशा निवडक श्रोत्यांपुढे वाचून बघण्याचा मार्ग अशा स्थितीत कोणत्याही संस्थेला खुला असतो. पंधरावीस माणसं पुरतात. हसू कुठे येतं, कुठे थांबतं, एवढंच टिपायचं. ‘लोक तयार आहेत का’ हा प्रश्न वर्तमानपत्रांवरून ठरवण्यापेक्षा हे स्वस्त आणि नेमकं आहे.

खरी उणीव संहितेत आहे आणि ती २००४ मध्येही भरून निघाली नाही. मेलेली माणसं रंगमंचावर जवळजवळ नाहीत. राष्ट्राध्यक्षांपैकी गारफिल्ड गिटोची गोळी लागण्यापुरते येतात, फोर्ड एका विनोदी प्रसंगात मूरच्या सांडलेल्या गोळ्या उचलून देताना दिसतात आणि रेगन यांचा आवाज ऐकू येतो. फोर्ड आणि रेगन दोघेही जिवंत राहिलेले. बिकचा प्रवास विमानतळाच्या वाटेवर संपतो, त्याने मारलेला पोलीस अधिकारी आणि सहवैमानिक कथेत येतच नाहीत. संहितेला हात न लावता यावर उपाय करता येतो: माहितीपत्रकात एक पान, प्रत्येक हल्ल्याची तारीख, ठिकाण, मेलेल्यांची आणि जखमींची नावं. मारेकऱ्यांची नावं त्या पानावर नकोत, ती आत भरपूर आहेत.

मराठी वाचकाला इथे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ आठवणं साहजिक आहे. १९९८ मध्ये राज्य सरकारने त्याचे प्रयोग बंद पाडले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. दोन्हींकडे मारेकऱ्याला बोलायला मंच मिळतो, पण थांबण्याचा निर्णय कोणी घेतला यात मोठा फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये तो करणाऱ्यांनीच घेतला, म्हणून परत उभं राहण्याची वेळही त्यांच्याच हातात राहिली. सरकारने थांबवलेलं नाटक परत येतं तेव्हा त्याच्याभोवतीची चर्चा बंदीची होते. संहितेत उत्तर देणारा आवाज कोणाचा आहे आणि तो किती बळकट आहे, हा प्रश्न मागे पडतो.

हे नाटक हौशी संस्थेने करायचं ठरवलं तर शेवटचा प्रसंग सर्वांत आधी सोडवावा. प्रेक्षकांच्या दिशेने रोखलेल्या बंदुकीत खोटी काडतुसंही घालू नयेत. त्यांतून गरम वायू आणि कण पुढे उडतात, जवळच्या अंतरावर ती जीवघेणी ठरली आहेत. तिथे न उडणारी प्रतिकृती आणि ध्वनिमुद्रित आवाज हीच जोडी वापरावी. नळी पहिल्या रांगेच्या डोक्यावरून जाईल इतकी वर धरावी, लांबून ती रोखलेलीच दिसते. नऊ मारेकऱ्यांच्या वेगवेगळ्या बंदुका, त्यांतली ओस्वाल्डची लांब रायफल, म्हणून सामानाच्या टेबलावर प्रत्येकीची आखलेली जागा, कुलूपबंद पेटी आणि किल्ली एकाच माणसाकडे. प्रत्येक प्रयोगापूर्वी आणि नंतर ती रिकामी असल्याचं नटाला आणि व्यवस्थापकाला दाखवायचं. गोळ्यांचे आवाज आहेत, ही पाटी दाराशी लावायची, तिकीट काढल्यावर नव्हे तर तिकीट काढण्याआधी दिसेल अशी.